नाच उचलला, रात्र टाकली

पियानोवर लिहायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न माझा मलाच पडला. ज्या वस्तीत साधी बाजाची पेटीसुद्धा वर्गणी काढून आणावी लागली, त्या वस्तीतल्या माणसाने पियानोविषयी का लिहावे? पियानो हे बंगल्यातले वाद्य. ते खांद्यावर घेऊन मोर्चात जाता येत नाही, जलशाच्या फडावर मांडता येत नाही. चळवळीतल्या माझ्या मित्रांना हा विषय म्हणजे प्रस्थापितांच्या दिवाणखान्यात शिरून बसण्याची हौस वाटेल, हे मी जाणून आहे. तरीही लिहितो आहे. कारण ज्या ध्वनिमुद्रणाविषयी मला बोलायचे आहे, त्यातला प्रश्न दिवाणखान्याचा नाही. तो आपला आहे. शोषितांच्या कलेतले काय उचलले जाते आणि काय टाकून दिले जाते, हा तो प्रश्न.

१९७१ साली अमेरिकेत नॅटली हिंडरस या कृष्णवर्णीय पियानोवादिकेच्या दोन तबकड्यांचा संच निघाला. त्यात तिने फक्त ब्लॅक संगीतकारांच्या रचना वाजवल्या आणि संचाच्या नावातच तसे स्पष्ट सांगितले. त्यातली एक रचना म्हणजे रॉबर्ट नॅथॅनियल डेट याची ‘इन द बॉटम्स’ ही पाच तुकड्यांची मालिका. ही १९१३ सालची. सबंध मालिका वीस मिनिटांच्या आत संपते. मी ती एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पहिल्यांदा ऐकली. त्यानंतर किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

आधी नावाकडे पाहू. ‘बॉटम्स’ म्हणजे दक्षिण अमेरिकी संस्थानांतली नदीकाठची सखल जमीन. गाळाची, कसदार, आणि पूर आला की आधी बुडणारी. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही या जमिनीवर राबणारे हात काळेच राहिले आणि सातबारा गोऱ्याच्या नावावर राहिला. (सातबारा हा आपला शब्द, पण अर्थ तोच.) १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला तेव्हा ग्रीनव्हिल गावाजवळ हजारो कृष्णवर्णीय मजुरांना बंधाऱ्यावरच्या छावणीत बंदुकीच्या पहाऱ्यात ठेवून कामाला जुंपले गेले. तेव्हा ‘बॉटम्स’ हा निसर्गवर्णनाचा शब्द नाही. तो समाजरचनेचा शब्द आहे. आमचे वऱ्हाडातले गाव मला आठवते. ओढ्याच्या वरच्या अंगाला गाव आणि खालच्या अंगाला आम्ही. पाणी वरून खाली यायचे, हुकूमही वरून खाली यायचा. म्हणून या मालिकेचे नाव मला ‘खालच्या अंगाला’ असेच ऐकू येते.

डेट कोण होता? त्याचा जन्म १८८२ सालचा, कॅनडातल्या ड्रमंडव्हिल गावचा. गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांनी जिथे आसरा घेतला असे हे गाव. म्हणजे डेट स्वतः बॉटम्समध्ये जन्मलेला नाही. १९०८ साली त्याने ओबरलिन इथून संगीताची पदवी घेतली आणि मग टेनेसी, मिसुरी आणि व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांत शिकवले. दक्षिण त्याने शिक्षक म्हणून पाहिली. इथे आपल्याकडचा जुना वाद उभा राहतो. जो अनुभव भोगलेला नाही, फक्त पाहिलेला आहे, त्याविषयी लिहिण्याचा अधिकार कुणाला? आपण हा प्रश्न मध्यमवर्गीय लेखकांना अनेकदा विचारला, आणि विचारायलाच हवा होता. पण डेटच्या बाबतीत तो इतका सरळ राहत नाही. त्याची आजी जुनी धार्मिक गाणी म्हणायची. लहानपणी त्याला त्या गाण्यांचे काही वाटले नव्हते. ओबरलिनला ड्व्होर्झाक या चेक संगीतकाराची एक संथ रचना ऐकताना त्याला एकाएकी आजीचा आवाज आठवला. परक्याच्या संगीतातून त्याला आपल्या आजीकडे परत जावे लागले. शिकून शहरात गेलेल्या आपल्यापैकी किती जण असेच फिरून परत आले आहेत! भोगलेपण एका पिढीत संपत नाही. ते आजीच्या गळ्यातून नातवाच्या हातात येते, आणि नातू पियानोवर बसला म्हणून ते खोटे ठरत नाही.

मालिकेतले पाच तुकडे असे. पहिला ‘रात्र’. दुसरा ‘त्याचे गाणे’. तिसरा ‘हनी’, म्हणजे लाडाने हाक मारण्याचा शब्द. चौथा ‘बार्कारोल’, नदीवरची सकाळ. पाचवा ‘जुबा’ नावाचा नाच. मालिकेला डेटने एक टिपण जोडले आहे. ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. पहिल्या तुकड्याविषयी त्यात म्हटले आहे की जड स्वरसमूह म्हणजे दाटून आलेल्या सावल्या आणि मधल्या मोकळ्या पंचमांतून ऐकू येते ती निःशब्दतेतली पोकळी. मध्येच एक ठेका येतो, तो कुठेतरी वाजणारा बँजो. पण बँजो महत्त्वाचा नाही, अंधार महत्त्वाचा. बँजो त्या अंधारात जाता जाता ऐकू येतो एवढेच. मला वाटते, सबंध मालिकेची किल्ली या एका सूचनेत आहे. वाद्य अंधारात आहे. करमणूक अंधारात आहे. अंधार आधी आहे.

त्याच टिपणात भाषेचाही मुद्दा आहे. एखाद्या समाजाच्या चालीरीतींचे वर्णन त्याची बोली न वापरता करता येते, तसेच लोकगीतांच्या तयार चाली न उचलताही त्या समाजाचे जगणे संगीतात मांडता येते, अशी डेटची भूमिका आहे. या ठिकाणी मी थबकलो. आपल्या साहित्याने नेमका उलटा रस्ता धरला होता. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तो त्या वस्तीची भाषा घेऊनच. प्रमाण मराठीचा सोवळेपणा मोडल्याशिवाय आमचा अनुभव कागदावर उतरणारच नव्हता. मग डेट चुकला का? मला तसे वाटत नाही. त्याच्या काळात गोऱ्या करमणुकीच्या रंगभूमीवर तोंडाला काजळी फासून काळ्यांची बोली आणि काळ्यांची गाणी टिंगलीसाठी वापरली जात होती. बोली आधीच चोरीला गेली होती. अशा वेळी बोली नाकारणे हाही नकारच आहे. विद्रोहाचे हत्यार काळ पाहून निवडावे लागते. ढसाळांनी बोली उगारली, डेटने ती झाकून ठेवली. दोघांचा शत्रू एकच.

आता नाचाकडे येऊ. सगळा गुंता तिथेच आहे.

१७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीच्या परिसरात गुलामांनी बंड केले. त्यानंतर १७४० साली तिथे कायदा झाला आणि गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी करण्यात आली. ढोलावरून निरोप जातो, ढोलाने माणसे गोळा होतात, हे मालकांना ठाऊक होते. जिथे ढोल गेला तिथे माणसाने अंगाचाच ढोल केला. पाय आपटायचा, टाळी द्यायची, मांडीवर थाप मारायची. या अंगठेक्यावरच्या नाचाला जुबा म्हणतात. डेटच्या टिपणातली चाल अशी : पायाचा एक ठोका, त्यामागून हाताच्या दोन तुटक टाळ्या. नाचणाऱ्यांपैकी तिसरा-चौथा हिस्सा माणसे ठेका धरतात, बाकीचे नाचतात. साथीला असतो खोक्यावर किंवा टेबलावर चढून बसलेला एकटा फिडलवाला. हे सारे डेटने दहा बोटांत आणले आहे. बंदी घातलेला ढोल पियानोच्या पोटात शिरून परत आला, असे मला ऐकताना वाटते.

आणि इथे मला माझा आजा आठवतो. आजा डफडे वाजवायचा. गावातल्या लग्नात मांडवाबाहेर उन्हात उभे राहून वाजवायचे, मांडवातले जेवून उठले की उरलेले पदरात घ्यायचे. १९५६ साली नागपूरहून परत आला आणि त्याने डफडे आढ्याला टांगले. पुन्हा हात लावला नाही. पुढे त्याचे चामडे उंदरांनी खाल्ले. अमेरिकेत मालकाने गुलामाच्या हातून ढोल हिसकावला. आमच्याकडे गावाने तो आमच्या गळ्यात अडकवला. तिथे वाजवणे हा विद्रोह होता, इथे न वाजवणे हा विद्रोह झाला. दोन्ही देशांतल्या पीडितांची तुलना करताना हा फरक विसरून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी विचारणा केली; १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर ठेवून. नाते खरे आहे. पण नाते म्हणजे एकरूपता नव्हे. आजाने डफडे टांगले म्हणून मी त्याला कलेचा शत्रू म्हणणार नाही. आणि डेटने जुबा पियानोवर घेतला म्हणून त्याला लाचार म्हणणार नाही.

मग तक्रार कुणाविषयी आहे? तक्रार उचलणाऱ्यांविषयी आहे. या मालिकेतला शेवटचा तुकडा, ‘जुबा’, अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर लोकप्रिय झाला. पर्सी ग्रेंजर हा मोठा गोरा पियानोवादक तो आपल्या मैफलींत वाजवी. ग्रेंजरचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याला डेटविषयी आदर होता आणि त्याच्यामुळे डेटचे नाव दूरवर गेले. पण व्यवस्था हेतूंवर चालत नाही. झाले असे की पाचातला एक तुकडा सुटा होऊन हिंडू लागला. मैफलीच्या शेवटी श्रोत्यांनी पुन्हा वाजवा म्हटले की वाजवायचा एक झकास, उड्या मारणारा तुकडा. श्रोते खूश होऊन घरी गेले. काळी माणसे किती आनंदी असतात, असेही कुणाच्या मनात आले असेल. ज्या रात्रीतून हा नाच उठला ती रात्र मात्र छापील वहीतच राहिली. नाच उचलला, रात्र टाकली.

हे आपल्याला नवीन आहे का? काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात एका दलित आत्मकथनातल्या उताऱ्यांचे वाचन होते. मी श्रोत्यांत होतो. वाचणाऱ्यांनी जत्रेचा भाग निवडला होता. तमाशा, शिट्ट्या, गावरान शिव्या. सभागृह हसत होते. त्याच पुस्तकात त्या जत्रेच्या आदल्या पानावर घरात तीन दिवस चूल पेटलेली नव्हती. ते पान वाचले गेले नाही. कार्यक्रमानंतर एक प्राध्यापक मला म्हणाले, ‘काय रसरशीत जगणं आहे हो तुमचं!’ मी काही बोललो नाही. आज बोलतो. महोदय, तुम्ही टाळ्या ऐकल्या, भूक ऐकली नाही. आणि भूक न ऐकता ऐकलेल्या टाळ्या म्हणजे आस्वाद नव्हे, ती करमणूक आहे.

म्हणून हिंडरसच्या वादनाचे महत्त्व मला वाटते. तिने पाचही तुकडे वाजवले, क्रमाने वाजवले आणि रात्रीला रात्रीचे वजन दिले. पहिल्या तुकड्यात ती घाई करत नाही. खालचे जड स्वर ती आदळत नाही, ठेवते. एकावर एक ठेवत जाते, आणि मधली पोकळी ऐकू येईपर्यंत थांबते. बँजोचा ठेका येतो तेव्हा तो पुढे येऊन नाचत नाही. टेकडीपलीकडून यावा तसा येतो आणि जातो. कुणी कच्च्या वादकाने इथेच टाळी घेतली असती. हिंडरस ती घेत नाही. ‘त्याचे गाणे’ हे दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याचे गाणे. त्यात रडवण्याची सोय आहे. ती सोय ती वापरत नाही. सूर सरळ ठेवते. माझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या अशाच गायच्या. दुःख सांगताना त्यांचा आवाज कापायचा नाही, कारण ऐकणारा दया करील याची त्यांना चीड होती.

आणि मग शेवटचा नाच. चार तुकड्यांतून चालत आल्यावर हा नाच वेगळाच ऐकू येतो. डावा हात जमिनीला धरून आहे. वेग आहे, पण पळापळ नाही. टाळी तुटक आणि कोरडी पडते. हा हसवणारा नाच राहत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले अंग रात्री स्वतःसाठी हलते आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. आणि तेवढा पुरेसा आहे. तोच तुकडा, तेच स्वर. बदलले आहे ते फक्त त्याच्या आधी काय येऊन गेले हे. मालिकेत क्रम हाच युक्तिवाद असतो, हे मला या वादनाने शिकवले.

पण स्तुती करून थांबलो तर ही समीक्षा होणार नाही. डेटविषयी माझे आक्षेप आहेत. ‘बॉटम्स’च्या या चित्रात रात्र आहे, गाणे आहे, प्रेम आहे, सकाळ आहे, नाच आहे. काम कुठे आहे? कापूस कुठे आहे? सावकाराची वही कुठे आहे? १९१३ साल म्हणजे दक्षिणेत वेगळ्या डब्यांचे, वेगळ्या पाणवठ्यांचे आणि झाडाला टांगलेल्या प्रेतांचे साल. त्यातले काही डेटने नाव घेऊन मांडले नाही. नदीवरच्या सकाळीला तो ‘बार्कारोल’ म्हणतो. ते व्हेनिसच्या नावाड्यांच्या गाण्याचे नाव. मिसिसिपीच्या पाण्यावर हे युरोपी नाव मला उपरे वाटते. इथे डेट दिवाणखान्याला थोडा शरण गेला आहे. ‘हनी’चे मूळ पॉल लॉरेन्स डनबारच्या एका बोलीतल्या प्रेमकवितेत आहे. डनबार हा गुलामगिरी भोगलेल्या आईबापांचा मुलगा. १८९६ साली एका मोठ्या गोऱ्या समीक्षकाने त्याच्या बोलीतल्या कवितांची वाहवा केली आणि त्यानंतर लोकांना त्याच्याकडून तेवढेच हवे झाले. त्याची दुसरी कविता कुणी ऐकेना. ही खंत त्याला शेवटपर्यंत होती. म्हणजे या मालिकेच्या पोटातच तिचे पुढचे भविष्य लिहिलेले होते! डनबारचे जे झाले तेच डेटच्या जुबाचे झाले. हा तुकडा हिंडरस हलक्या हाताने वाजवते, पण लाडिकपणा करत नाही. तरीही माझ्या मते मालिकेतला सगळ्यात कच्चा भाग हाच.

डेटने यावर नंतर विचार केला होता. १९२० साली हार्वर्डमध्ये असताना त्याने कृष्णवर्णीय संगीताच्या मुक्तीविषयी निबंध लिहिला आणि त्याला तिथले बोडॉइन पारितोषिक मिळाले. मुक्ती हा शब्द त्याने सहज वापरला नसणार. माणूस मुक्त झाला तरी त्याचे संगीत टिंगलीच्या बाजारात गुलामच होते. ते तिथून सोडवून मोठ्या रचनांत न्यायचे, हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. आपल्याकडे भीमराव कर्डकांनी तमाशाचा साज घेतला आणि त्यातून आंबेडकरी जलसा उभा केला. वामनदादा कर्डकांनी गाण्याला विचार दिला. डेटने साज बदलला, कर्डकांनी आशय बदलला. मला कर्डकांचा मार्ग जवळचा वाटतो, हे लपवत नाही. जलसा ज्याच्यासाठी होता तो माणूस समोर मातीत बसलेला होता. डेटच्या श्रोत्यांत बॉटम्समधला माणूस किती वेळा बसला असेल?

शेवटी त्या संचाच्या नावाविषयी. ‘संगीताला जात नसते’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते बहुधा तेच लोक म्हणतात ज्यांच्या जातीला संगीत शिकण्याची मनाई कधी नव्हती. हिंडरसने आपल्या तबकड्यांवर ‘ब्लॅक संगीतकार’ असे लिहिले. ‘दलित साहित्य’ या नावावर आपल्याकडे जो गदारोळ झाला तसाच प्रश्न तिथेही होता : वेगळी पाटी कशाला? उत्तर त्या संचातच आहे. डेटच्या शेजारी तिथे विल्यम ग्रँट स्टिल आहे. जॉर्ज वॉकरचा सोनाटा आहे. संगीताचे पुलित्झर मिळवणारा हा पहिला ब्लॅक संगीतकार, आणि ते त्याला १९९६ साली मिळाले. हेल स्मिथची बारा स्वरांच्या आधुनिक पद्धतीतली रचना आहे. ऑली विल्सनची पियानो आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांची रचना आहे. एकाचे संगीत दुसऱ्यासारखे नाही. पाटी एक, आवाज अनेक. ब्लॅक संगीत म्हणजे फक्त जुबा, ही समजूत मोडायलाच ती पाटी लावावी लागली. दलित साहित्य म्हणजे फक्त आत्मकथन, फक्त शिवी, फक्त रडगाणे, असे म्हणणाऱ्यांना आपल्यालाही हेच उत्तर द्यावे लागते.

हिंडरस ही ओबरलिन गावातच जन्मलेली. वर्ष १९२७. त्या गावच्या महाविद्यालयाने १८३५ सालापासून कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला होता. तिची आई पियानो शिकवणारी. वयाच्या आठव्या वर्षी ती तिथल्या संगीतशाळेत शिकू लागली आणि १९४५ साली पदवीधर झाली. ज्या शाळेतून डेट बाहेर पडला, तिथूनच सदतीस वर्षांनी ती बाहेर पडली. एक दार एकदा उघडले की किती पिढ्या त्यातून आत येतात! १९७१ सालीच तिने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर हिनास्तेराचा कॉन्चेर्टो वाजवला; तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. एवढ्या तयारीच्या वादिकेला एवढी वाट का पाहावी लागली, हे मी वाचकांना सांगण्याची गरज नाही. पुढे ती टेंपल विद्यापीठात शिकवत राहिली. १९८७ साली ती गेली.

तिच्याकडून मी एक शिस्त घेतली आहे आणि ती आपल्या शिक्षकांपुढे, विद्यार्थ्यांपुढे, कार्यकर्त्यांपुढे ठेवतो. संमेलनात उतारा वाचायला मागतील, अभ्यासक्रमात एखादा तुकडा लावतील, महोत्सवात हलगीचे पथक बोलावतील. जरूर द्या. पण अट घाला : रात्र आधी वाजेल. ज्यांना नुसता नाच हवा आहे त्यांना नाच देऊ नका. माझ्या आजाचे डफडे आज असते तर मी ते आढ्यावरून काढले असते. मांडवाबाहेर उभे राहून मात्र वाजवले नसते.